मालेगावचा ताप आला कुठून?

आज एका तापाचा इतिहास सांगणार आहे. इतिहास म्हटलं की आपल्याला राजे आणि किल्ले आठवतात. पण तापालाही इतिहास असतो, आणि या तापाच्या इतिहासात आपल्या नाशिक जिल्ह्याचं नाव लिहिलेलं आहे.

२००६ सालचा फेब्रुवारी महिना. मालेगाव शहरात घराघरांतून माणसं तापानं पडायला लागली. फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन हजारांहून जास्त रुग्णांची नोंद झाली. ताप एकदम फणफणून चढायचा आणि चार-पाच दिवसांत उतरायचाही. पण उतरताना तो सांधे धरून ठेवायचा. मनगटं, बोटं, घोटे, गुडघे. सकाळी उठून जमिनीला पाय टेकवत नव्हता, मुठीत लाटणं धरवत नव्हतं, भरलेली बादली उचलवत नव्हती. चालणारी माणसं कमरेत वाकून, भिंतीला धरून चालत होती. तुमच्यातल्या ज्या आज चाळिशीच्या पुढे आहेत, त्यांना हे सांगायची गरजच नाही.

दवाखान्यात नाव कळलं, चिकुनगुन्या. आपल्या तोंडी ते झालं चिकनगुनिया, आणि मग एक वेगळाच घोळ झाला. नावात चिकन आहे म्हणजे हा आजार कोंबडीपासून येतो, असं पुष्कळांनी धरलं. त्याला निमित्तही मिळालं होतं. त्याच फेब्रुवारीत वर खानदेशात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू निघाला होता आणि लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या होत्या. एकीकडे ती बातमी, दुसरीकडे हा ताप. लोकांनी दोन्हींची गाठ मारली, यात नवल नाही. पण या दोन्हींचा एकमेकांशी काडीचाही संबंध नव्हता.

हे नाव आलं आहे आफ्रिकेतून. आज ज्याला टांझानिया म्हणतात, त्या देशाच्या दक्षिणेला मकोंडे नावाचं पठार आहे आणि तिथे राहणाऱ्या लोकांची भाषाही मकोंडे. १९५२-५३ साली तिथे हा ताप पसरला. सांधे धरल्यामुळे माणूस वाकून, पिळवटून जातो, त्या अर्थाचा शब्द त्यांच्या भाषेत होता. तोच या रोगाला चिकटला. तिथल्याच एका रुग्णाच्या रक्तातून हा विषाणू पहिल्यांदा वेगळा काढला गेला. आता त्या पठाराची एक गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा लागणार आहे. तिथे पाण्याचा दुष्काळ. पाणी लांबून, खालून चढवून आणायचं आणि घरात साठवून ठेवायचं. एडिस इजिप्ती नावाचा, अंगावर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा डास अशाच घरातल्या साठवलेल्या, स्वच्छ पाण्यात वाढतो. आणि चिकुनगुन्याला एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेतो तो हाच डास.

२००६ मध्ये हा ताप आपल्याला नवा वाटला तरी भारताला तो नवा नव्हता. १९६३ साली कोलकात्यात, १९६४ साली मद्रासमध्ये त्याच्या मोठ्या साथी झाल्या. १९६५ साली तो नागपुरात आला. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत आला, आणि तिथे शंभरातली ३७-३८ माणसं आजारी पडली. म्हणजे पाच माणसांच्या घरातली दोन अंथरुणावर. बार्शीनंतर मात्र तो दिसेनासा झाला. १९९४ साली कोलकात्यात काही लोकांचं रक्त तपासलं, तेव्हा शंभरातल्या चार-पाच जणांच्याच रक्तात या रोगाच्या जुन्या खुणा सापडल्या. आणि त्या सापडल्या वयस्क माणसांत. लहान मुलांत, तरुणांत काहीच नाही. याचा अर्थ सरळ होता. साठच्या दशकातली साथ ज्यांनी पाहिली त्यांच्याच अंगात थोडीफार ताकद उरली होती. नंतर जन्मलेली सगळी पिढी या विषाणूला अनोळखी होती. म्हणून २००६ मध्ये एकाच घरात नातू, सून आणि सासू एका आठवड्यात पडल्या. एरवी गोवर, कांजिण्या अशा तापांत मुलं पडतात आणि मोठी माणसं उशाशी बसतात. इथे उशाशी बसायला कुणी उरलं नाही.

आता खरा प्रश्न येतो. बत्तीस वर्षं जो दिसला नाही, तो अचानक आला कुठून? बार्शीचाच जुना विषाणू कुठेतरी दडून बसला होता आणि संधी मिळताच वर आला? की कुणी नवा पाहुणा बाहेरून आला? रुग्णाकडे पाहून हे सांगता येत नाही. दोन्ही तापांची लक्षणं तीच, सांधेदुखी तीच.

याचं उत्तर पुण्यात सापडलं. पुण्याला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे. कोरोनाच्या वेळी तुम्ही तिचं नाव ऐकलंय, एनआयव्ही. ती सुरू झाली १९५२ साली, अमेरिकेतल्या रॉकफेलर फाउंडेशनच्या आणि आपल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीनं. तेव्हा तिचं नाव विषाणू संशोधन केंद्र होतं. या संस्थेची एक सवय मला फार आवडते. तिथे जुनं टाकून देत नाहीत. १९६३ च्या आणि १९७३ च्या साथीतले विषाणू त्यांनी जपून ठेवले होते. आपल्या आज्या बियाणं राखेत घोळून मडक्यात ठेवायच्या ना, त्यातलाच प्रकार. फक्त इथलं मडकं बर्फापेक्षा कितीतरी थंड. ठेवणाऱ्यांना तेव्हा माहीतही नव्हतं की पुढे कधी या विषाणूची अक्षरं वाचता येतील. कारण ती वाचायची रीतच तेव्हा निघालेली नव्हती.

अक्षरं म्हणजे काय, ते सांगते. प्रत्येक विषाणूच्या पोटात एक लांबलचक ओळ असते. चिकुनगुन्याची ओळ सुमारे बारा हजार अक्षरांची. अक्षरं चारच, पण तीच पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या क्रमानं येतात. विषाणू माणसाच्या अंगात शिरला की या ओळीच्या नकला काढतो, लाखोंनी काढतो, आणि नकला काढताना चुकतो. एखादं अक्षर इकडचं तिकडे होतं. पुढची नकल त्या चुकीसकट निघते.

जात्यावरच्या ओव्यांचं असंच होतं. एकच ओवी बागलाणात एक शब्द घेऊन येते, सिन्नरला दुसरा. लेक सासरी जाते तेव्हा माहेरचा शब्द सोबत नेते. तिच्या सासरच्या गावात मग ती ओवी माहेरच्या शब्दानं म्हटली जाते. दहा गावांच्या ओव्या लिहून समोर ठेवल्या आणि बदललेले शब्द जुळवत गेलं, तर कोणती ओवी कोणत्या गावाहून कुठे गेली ते ओळखता येतं. विषाणूंचं घराणं शोधणारे शास्त्रज्ञ हेच करतात. कोरोनात डेल्टा, ओमिक्रॉन अशी नावं ऐकलीत, ती याच पद्धतीनं ओळखलेली घराणी.

चिकुनगुन्याची तीन मोठी घराणी माहीत होती. एक पश्चिम आफ्रिकेतलं, एक पूर्व, मध्य आणि दक्षिण आफ्रिकेतलं, आणि एक आशियातलं. २००६ मध्ये आंध्र, कर्नाटक आणि महाराष्ट्रातल्या रुग्णांचे नमुने पुण्याच्या संस्थेनं तपासले आणि जपून ठेवलेल्या जुन्या विषाणूंशी ताडून पाहिले. १९६३ ते १९७३ मधले सगळे निघाले आशियाई घराण्याचे. २००६ चे निघाले आफ्रिकी. म्हणजे बार्शीचा ताप परत आला नव्हता. नाव तेच, दुखणं तेच, पण हा दुसराच होता.

त्यात आणखी एक गंमत निघाली. गंमत म्हणायचं की धास्ती, तुम्हीच ठरवा. पुणे जिल्ह्यात सोलापूर रस्त्यावर यवत नावाचं गाव आहे. साल २०००, म्हणजे मोठ्या साथीच्या पाच-सहा वर्षं आधी, या संस्थेच्या लोकांनी यवतमधून डास पकडून नेले होते. त्या एडिस डासांत चिकुनगुन्याचा विषाणू मिळाला होता. पुढे त्याची अक्षरं वाचली, तर तोही आफ्रिकी घराण्यातला. देशात चिकुनगुन्या संपला असं सगळे मानत होते, तेव्हा पुण्यापासून तास-दीड तासाच्या अंतरावर नव्या घराण्याचा पाहुणा येऊन बसलेला होता. यवतला कुणी डास पकडायला गेलंच नसतं, तर आफ्रिकी घराणं २००५ सालीच पहिल्यांदा भारतात आलं, असं आपण आज ठामपणे लिहून मोकळे झालो असतो.

२००६ च्या विषाणूची सगळी अक्षरं जेव्हा वाचून झाली, तेव्हा ती जवळजवळ तंतोतंत जुळली हिंदी महासागरातल्या रियुनियन नावाच्या बेटावरच्या विषाणूशी. मग मागचा माग लागला. २००४ साली केनियाच्या किनाऱ्यावरच्या लामू बेटावर ही साथ उठली होती. तिथल्या शंभरातल्या सुमारे पंच्याहत्तर लोकांना लागण झाली होती. आणि का उठली? तर दुष्काळ पडला होता. पाऊस नाही, विहिरी आटल्या, म्हणून लोक घरात भांडीच्या भांडी पाणी भरून ठेवत होते, आणि ती भांडी लवकर रिकामी करणं कुणाला परवडत नव्हतं. मकोंडे पठाराची मी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट आठवली ना? लामूहून हा विषाणू २००५ मध्ये कोमोरोस बेटांवर गेला, तिथून रियुनियनला. रियुनियनची वस्ती आठ लाखांच्या आत. त्यातले सुमारे २ लाख ६६ हजार आजारी पडले. २००५ संपता संपता आंध्रात रुग्ण दिसू लागले, मग कर्नाटकात, आणि फेब्रुवारीत मालेगावला.

आपल्याला वाटतं डासांचे ताप पावसाळ्यातले. मालेगावचा ताप मात्र पावसाळ्यातला नव्हता. फेब्रुवारी-मार्चमध्ये गावात कुठे डबकं असणार? पाणी असतं ते घरात. रांजणात, हौदात, पिंपात, सिमेंटच्या टाकीत. जिथे नळाला रोज पाणी येत नाही तिथे बाई पाणी भरून ठेवणारच. मनमाडला नळाची वाट पाहण्यात किती दिवस जातात, हे मी नांदगाव-येवल्याच्या बायांना काय सांगावं! प्रत्येक साथीत भिंतीवर पाट्या लागतात, ‘पाणी साठवू नका’. मला या पाट्यांचा रागच येतो. पाणी साठवणं हा बाईचा हलगर्जीपणा नाही, नळ न येण्याचा परिणाम आहे. मकोंडेच्या बायकांनी तेच केलं, लामूच्या बायकांनी तेच केलं, आपण तेच करतो. पाटीवर लिहायचंच असेल तर ‘झाकून ठेवा, आठवड्यातून एकदा घासा’ असं लिहा, आणि शेजारी नळाचं वेळापत्रकही लावा.

घासा असं का म्हणते, तेही सांगते. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या कडेला, भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटवते. पाणी ओतून दिलं तरी ती चिकटूनच राहतात, सुकी भिंत असली तरी महिनोन्‌महिने जगतात, आणि पुन्हा पाणी चढलं की फुटतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतात तो त्याच हिशोबानं. पण नुसतं उपडं घालून भागत नाही, काथ्यानं आतून घासलं तरच अंडी निघतात. मोठ्या हौदाला ते जमत नसेल तर गप्पी मासे सोडा. ते आरोग्य खात्याकडे मागता येतात.

एका अक्षरानं काय होऊ शकतं, याची एक छोटी गोष्ट इथेच सांगून टाकते. रियुनियनला साथ चालू असतानाच विषाणूच्या त्या बारा हजार अक्षरांतलं एक अक्षर बदललं. त्या बदलामुळे तो एडिसच्या दुसऱ्या जातीच्या, टायगर डासाच्या अंगात जास्त सहज रुजू लागला. हा डास घरापेक्षा झाडाझुडपांत, बागायतीत जास्त. २००६ मध्ये आपल्याकडे आलेल्या विषाणूंत हा बदल नव्हता. पण २००७ मध्ये केरळात जी साथ आली तिच्यातल्या विषाणूंत तो सापडला. केरळात रबराची झाडं, झाडाला चीक गोळा करायच्या वाट्या बांधलेल्या, वाट्यांत पावसाचं पाणी आणि त्यात टायगर डास. शास्त्रज्ञांनी अक्षरं वाचली नसती तर केरळातही लोकांना फक्त घरातली पिंपं घासायला सांगत बसले असते.

आता या इतिहासातली जी बाजू अक्षरांत सापडत नाही, तिच्याकडे येते. २००६ मध्ये सरकारी हिशोबानं देशात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्ण होते. एकट्या कर्नाटकात साडेसात लाखांवर, आपल्या महाराष्ट्रात सुमारे २ लाख ६८ हजार. ‘संशयित’ हा शब्द नीट ऐका. यातल्या फारच थोड्यांचं रक्त तपासलं गेलं. आणि हे झाले दवाखान्याच्या वहीत आलेले. जी घरीच पडून राहिली, तेल चोळून घेतलं, गोळी मागवून खाल्ली, ती या आकड्यात नाही. मजुरीवर जाणारी बाई तिसऱ्या दिवशी ताप उतरला की निघते. तिचे सांधे पुढे सहा महिने दुखले, काहींचे वर्ष-दोन वर्षं, ते कुठल्या वहीत लिहिणार? कांदा काढणीच्या, द्राक्ष तोडणीच्या दिवसांत बोटं मिटत नव्हती म्हणून किती रोज बुडाले, याचा रकाना सरकारी तक्त्यात नव्हता.

मृत्यूचंही तसंच. चिकुनगुन्यानं माणूस मरत नाही, असंच तेव्हा सांगितलं जात होतं. गुजरातमध्ये अहमदाबादच्या अभ्यासकांनी वेगळा मार्ग धरला. त्यांनी महापालिकेचं मृत्यूंचं रजिस्टर काढलं. आधीच्या चार वर्षांत ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये सरासरी किती माणसं गेली आणि २००६ च्या त्याच महिन्यांत किती गेली, हे ताडलं. २००६ मध्ये २,९४४ मृत्यू जास्त निघाले. त्यातला प्रत्येक मृत्यू चिकुनगुन्याचाच, असं त्यातून सिद्ध होत नाही. पण साथीच्या महिन्यांत एवढी माणसं एरवीपेक्षा जास्त गेली, हे कागदावर आलं. म्हातारी माणसं, आधीच साखर किंवा हृदयाचं दुखणं असलेली माणसं या तापात खचतात, हे आता सगळीकडे मानलं जातं.

बाळंतिणींबद्दल जगाला जे कळलं तेही त्याच साथीतून, रियुनियनच्या दवाखान्यांतून. पोटुशी बाईला आधीच्या महिन्यांत हा ताप आला तर बाळाला सहसा काही होत नाही. पण अगदी बाळंतपणाच्या वेळी, विषाणू आईच्या रक्तात असताना बाळ जन्मलं, तर जवळपास निम्म्या बाळांना लागण झाली. सिझेरियन केलं तरी ती टळली नाही. अशी बाळं जन्मताना ठीक दिसतात आणि तीन ते सात दिवसांत तापतात, दूध ओढत नाहीत, अंगावर पुरळ येतं, काहींना झटके येतात. म्हणून नववा महिना लागलेल्या बाईला ताप आला, तर आशाताईला त्याच दिवशी कळवा आणि बाळंतपण दवाखान्यातच करा. बाळाला पहिला आठवडा डोळ्यांत तेल घालून बघा. अंगावरचं दूध मात्र तोडू नका. दुधातून हा आजार जात नाही.

थोडी मोठी मुलं या तापातून मोठ्या माणसांपेक्षा लवकर उठतात. त्यांचे सांधे कमी धरतात, पुरळ जास्त दिसतं. ताप कुणालाही असो, डेंग्यू नाही हे कळेपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय दुसरी दुखण्याची गोळी दुकानातून आणून देऊ नका. डेंग्यू त्याच डासाचा, सुरुवात तशीच, आणि त्यात काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो.

तपासणीचं गणित दिवसांवर चालतं. तापाच्या पहिल्या पाच-सात दिवसांत विषाणू स्वतः रक्तात असतो. तेव्हाच पीसीआरनं तो पकडता येतो आणि तेव्हाच त्याची अक्षरं वाचता येतात. पाचेक दिवसांनंतर रक्तात शरीरानं तयार केलेली प्रतिकारद्रव्यं मिळतात. ती तपासायचे संच पुण्याची संस्थाच बनवून सरकारी प्रयोगशाळांना देत आली आहे. त्यातून चिकुनगुन्या झाला होता एवढं समजतं, पण तो कोणत्या घराण्याचा ते समजत नाही. त्यामुळे दहाव्या दिवशी दवाखान्यात गेलेल्या बाईचं औषध होतं, पण गावात आलेला विषाणू जुनाच आहे की बदललेला, हे तिच्या रक्तातून शोधता येत नाही.

तुमच्या गटाची पुढची बैठक प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ असेल, तर तिथल्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून या. तापाच्या पहिल्या पाच दिवसांत आलेल्या बाईचं रक्त इथून कुठल्या प्रयोगशाळेत जातं? निकाल यायला किती दिवस लागतात? आणि आलेला निकाल ज्या बाईचं रक्त घेतलं तिच्या हातात कागदावर मिळतो का? उत्तरं लिहून घ्या, तारखेसकट.